तांड्याची बोली आणि सरकारी रकाना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले, की अर्धापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीचे मळे लागतात. डोंगरकडा हे त्याच पट्ट्यातले, कळमनुरी तालुक्यातले माझे गाव. तिथल्या एस.टी. थांब्यावर अर्धा तास उभे राहिले तर मराठी ऐकू येते, मुसलमान घरांतली दखनी ऐकू येते, आणि तांड्यावरून बाजाराला आलेल्या बायका आपसात बोलतात ती तिसरीच भाषा ऐकू येते. दुकानदाराशी त्या मराठीत बोलतात, मोजकेच बोलतात. पाठ फिरली की पुन्हा आपल्या भाषेत जातात. ही त्यांची गोरबोली. कोणी तिला गोरमाटी म्हणते, कोणी लमाणी, कोणी नुसती बंजारा भाषा. सरकारदरबारी या भाषेला जागा नसल्यामुळे रोजच्या जगण्यात काय काय अडते, त्याबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

बंजारा समाजाचा इतिहास आपल्याला थोडाफार ठाऊक असतो. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारी ही माणसे. फौजांना रसद पुरवणारे त्यांचे तांडे मोगलांच्या काळात दक्षिणेत उतरले. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते झाले, आणि तो धंदा बसला. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का या समाजावरही बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आमच्या पैनगंगेपलीकडे पुसदजवळ गहुली नावाचे गाव आहे. तिथले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. हा सगळा भाग पुष्कळदा सांगून झालेला आहे. भाषेचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही.

गोरबोली ही मराठीची पोटबोली आहे, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. तसे नाही. तिचे नाते राजस्थानी-गुजरातीकडच्या भाषांशी आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातल्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, बंजारी किंवा लभाणी या नावाने तिची स्वतंत्र नोंद आहे. आपण ‘आहे’ म्हणतो तिथे ती ‘छ’ म्हणते. आई म्हणजे याडी. भाकरी म्हणजे बाटी. आपल्या माणसाला ‘गोर’ आणि बाहेरच्याला ‘कोर’ म्हणण्याची तिची रीत आहे. लग्नात नवरी रडत रडत जे गाते तो ढावलो, होळीला म्हणतात ती लेंगी. दोनशे-तीनशे वर्षे मराठी, तेलुगू, कन्नड मुलखात राहूनही या माणसांनी आपल्या क्रियापदांना धक्का लागू दिला नाही, याचे मला फार नवल वाटते.

अशी भाषा बोलणारे किती? २०११ च्या जनगणनेत देशभरात ‘लमाणी/लंबाडी’ ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३२ लाख ७७ हजार, आणि ‘बंजारी’ सांगणारे सुमारे १५ लाख ८१ हजार. दोन्ही मिळून साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या घरात. त्याच जनगणनेत कोकणी साडेबावीस लाख, डोगरी सुमारे सव्वीस लाख, बोडो पंधरा लाखांच्या आत. या तिन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. गोरबोली नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाकडे ज्या अडतीस भाषांच्या मागण्या पडून असल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते, त्या यादीत ‘बंजारा’ हे नाव आहे. पण यादीत असणे आणि अनुसूचीत असणे यांत किती अंतर असते, ते भोजपुरीवाल्यांना विचारावे.

आणि ही साडेअठ्ठेचाळीस लाख माणसे जनगणनेच्या कोष्टकात कुठे बसवली आहेत? हिंदीखाली. हिंदीचा जो बावन्न कोटींहून मोठा आकडा आपण ऐकतो, त्याच्या पोटात पन्नासहून अधिक मातृभाषा आहेत. भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी यांच्या रांगेत लमाणी आणि बंजारी. आमच्याकडे महसुली दप्तरात कितीतरी तांडे मोठ्या गावात धरलेले असतात. तांड्याचे नाव नकाशावर नसते, लोक मात्र शंभर वर्षे तिथे नांदत असतात. तांडा गावात मोजला आणि बोली हिंदीत मोजली, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

याचा विनोद २०२५ साली पाहायला मिळाला. त्या वर्षी १६ एप्रिलच्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली, मोठा विरोध झाला, आणि २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर तीन भाषा कशाला, हा विरोधाचा मुख्य मुद्दा होता, आणि तो बरोबरच होता. पण तांड्यावरच्या लेकराचा हिशेब कोणी मांडला? त्याची घरची भाषा गोरबोली. शाळेत पाऊल टाकले की मराठी. इंग्रजी तर २००० सालापासून राज्यात पहिलीपासूनच आहे. हिंदी आली असती तर ती त्याची चौथी भाषा झाली असती. आणि जनगणनेच्या कागदावर हिंदी हीच त्याची भाषा! ते वादळ सुरू असताना मी रोज वर्तमानपत्र वाचत होतो, दूरचित्रवाणी पाहत होतो. तांड्याच्या शाळेचा उल्लेख माझ्या तरी डोळ्यांखालून गेला नाही.

आता कोणी म्हणेल, कागदावर काही का असेना, ही माणसे चांगली मराठी बोलतात की! तहसीलमध्ये येतात, बँकेत येतात, कुठे अडते? या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण सगळी गोम इथेच आहे. तहसीलमध्ये येतो तो घरातला मराठी येणारा माणूस. ज्याला मराठी येत नाही त्याला घरचे लोक खिडकीपर्यंत पाठवतच नाहीत. मजुरीच्या निमित्ताने जग हिंडलेला पुरुष मराठी, हिंदी, वेळेला कन्नडही बोलतो. त्याची म्हातारी आई, नवीन लग्न होऊन आलेली त्याची सून, तीन वर्षांचा नातू, यांचे मराठी बेताचे किंवा नाहीच. खिडकीमागच्या कारकुनाला रोज दिसतो तो पहिला माणूस. त्यावरून तो ठरवतो की अडचण काही नाही. आणि सरकारी सेवांमधल्या ज्या सेवा खरोखर जीव वाचवतात, म्हणजे गरोदरपणातली तपासणी, लसीकरण, अंगणवाडीतला आहार, त्या नेमक्या सुनेसाठी आणि नातवासाठी असतात.

दवाखान्यातले उदाहरण घ्या. गोळ्यांची पुडी हातात ठेवून सिस्टर सांगते, ‘‘मावशी, ही अनशेपोटी घ्यायची, ही जेवल्यावर, आणि ही अर्धी रात्री.’’ म्हातारी मान हलवते. मान हलवणे म्हणजे कळले असे नव्हे; मोठ्या माणसापुढे मान हलवायची असते म्हणून ती हलवते. ‘अनशेपोटी’ हा शब्द शहरातल्या मराठी मुलांनाही अडेल, तिथे ती तर घरी ‘छ’ बोलणारी. बरोबर नातू असला तर तो सांगतो. पण बाईच्या पोटातले दुखणे, पाळीचे दुखणे नातवाच्या तोंडून डॉक्टरला कसे सांगायचे? मग ती ‘कंबर दुखते’ एवढेच सांगते आणि कंबरेचे औषध घेऊन घरी जाते. अशा बायका आमच्या भागात कोणत्याही बाजाराच्या दिवशी भेटतील. यात सिस्टरचा दोष मी धरत नाही. तिला कोणी सांगितलेलेच नाही की समोरच्या बाईची भाषा वेगळी आहे, आणि ती वेगळी असल्याची नोंद तिच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही.

शाळेत हेच निराळ्या रूपात दिसते. एका शाळेत पहिलीच्या वर्गात गुरुजींनी दोन चिंचोके ठेवून विचारले, किती? तांड्यावरचे पोर म्हणाले, ‘‘दी.’’ गुरुजी म्हणाले, नीट सांग. पोर पुन्हा म्हणाले, ‘‘दी.’’ गोरबोलीत मोजणी एक, दी, तीन अशी चालते. पोराचे उत्तर शंभर टक्के बरोबर होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते गप्प बसले. पुढे अशी पोरे गप्पच बसतात, आणि शिक्षकांच्या शेऱ्यात ‘अबोल’, ‘मंद’ असे शब्द येतात. पोराला गणित येत होते, हे कुठेच लिहिले जात नाही. गोरबोलीतले कितीतरी शब्द मराठीच्या जवळचे आहेत, त्यामुळे शिक्षकाला वाटते याला कळतेच आहे. लांबची भाषा असती तर निदान त्याने दुभाषा शोधला असता.

आमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट बघायला मिळते. कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ते मुख्यतः आमच्या भागातल्या आंध समाजासाठी, कारण आंध अनुसूचित जमातीत आहेत. आंध समाज आज मराठीच बोलतो. बंजारा समाजाची भाषा जिवंत आहे, पण महाराष्ट्रात तो विमुक्त जातींच्या ‘अ’ गटात येतो, अनुसूचित जमातीत नाही. त्यामुळे आदिवासी विकास विभागाकडून बोलीभाषांसाठी जे काही होईल, त्याच्या कक्षेत गोरबोली येत नाही. ज्यांना कार्यालय मिळाले त्यांची भाषा गेली, आणि ज्यांची भाषा राहिली त्यांना कार्यालय नाही. दोष दोन्ही समाजांचा नाही. जातीच्या यादीला भाषेची यादी समजले की असे होते.

हा गोंधळ १९५६ सालापासूनचा आहे. निजामाचे हैदराबाद संस्थान होते तोवर आदिलाबादचा लंबाडी आणि नांदेड-परभणीचा लमाणी एकाच सरकारखाली होते. १९५६ मध्ये भाषावार राज्ये झाली आणि एकाच बोलीची माणसे तीन राज्यांत वाटली गेली. आज तेलंगणात ती अनुसूचित जमात आहेत, कर्नाटकात अनुसूचित जाती, आणि आपल्याकडे विमुक्त जाती. आपल्याकडे गोरबोली देवनागरीत लिहितात, तिकडे तेलुगू आणि कन्नड लिपीत. हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीत घ्या, अशी मागणी करत २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. आरक्षणाच्या त्या वादात मी आज शिरत नाही. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यात दुसऱ्या समाजांचेही म्हणणे आहे. माझा मुद्दा इतकाच, की भाषेचा हक्क त्या निकालावर अवलंबून ठेवायचे काही कारण नाही.

कारण त्याच १९५६ साली, राज्यांची फेररचना करताना, घटनेच्या सातव्या दुरुस्तीने ‘३५० क’ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकवण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे त्यात म्हटले आहे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे आपली जिल्हा परिषद. हे कलम आठव्या अनुसूचीचे नावही घेत नाही. बरे, भाषिक अल्पसंख्याक कोण? स्वतःची वेगळी बोलली जाणारी भाषा असली की पुरे, वेगळी लिपी असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबातल्या डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात सांगितले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ हेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा असेच सांगते. घटनेचे कलम ३५० तर आणखी साधे आहे. कोणत्याही नागरिकाला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. म्हणजे देवनागरीत लिहिलेला गोरबोलीतला अर्ज तहसीलदाराने ‘भाषा कळत नाही’ म्हणून परत करायचा नाही. असा अर्ज कधी कोणी करून पाहिलेला नाही, असे दिसते. करून पाहण्यासारखे आहे. न्यायालयात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगावी, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होते. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते राहिले आहे.

आठव्या अनुसूचीची मागणी करू नये असे माझे म्हणणे नाही. जरूर करावी. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ मध्ये मान्यता दिली, गोव्याची राजभाषा ती १९८७ मध्ये झाली, आणि अनुसूचीत शिरायला १९९२ उजाडले. सिंधीला स्वतःचे राज्य नव्हते, तरी ती १९६७ मध्ये आली. तेव्हा वाट बंद नाही. पण ती दिल्लीची वाट आहे, लांबची आहे. अंगणवाडीतले मूल तोवर थांबत नाही. आणि अनुसूचीत आल्याने दवाखान्यातली सिस्टर गोरबोली बोलू लागेल असेही नाही. स्पर्धा परीक्षेत विषय मिळेल, सन्मान मिळेल, ते मोलाचेच. परंतु म्हातारीच्या गोळीचा प्रश्न सुटायला जिल्ह्यालाच काही करावे लागेल.

काय करता येईल, याचे उदाहरण शेजारी आहे. एकसंध आंध्र प्रदेशात २००४ च्या सुमारास आठ आदिवासी भाषांमधून पहिल्या इयत्तांची पुस्तके तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. गोंडी, कोलामी, कोया यांच्याबरोबर त्यात बंजारा भाषाही होती. म्हणजे नांदेडची हद्द ओलांडली की याच बोलीतले पहिलीचे पुस्तक, तेलुगू लिपीत. हेतू एवढाच, की मूल घरच्या भाषेतून वर्गात शिरावे आणि दोन-तीन वर्षांत राज्याच्या भाषेकडे यावे. तो कार्यक्रम पुढे सगळीकडे सारखा चालला असे नाही, शिक्षक बदलले की अशा गोष्टी ढेपाळतात. तरी पुस्तक निघू शकते, एवढे तर सिद्ध झाले. आपल्याकडे लिपीचीही अडचण नाही. पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा वारशाचे भव्य संग्रहालय उघडले, नगाऱ्याच्या आकाराचे. चांगली गोष्ट आहे. तिथे जी भाषा काचेमागे जपायची, ती मैलभर अंतरावरच्या शाळेच्या फळ्यावर चालायला हरकत कसली?

तांड्यावरचे आईबाप यावर काय म्हणतात, हेही सांगायला हवे, कारण ते नेहमी आमच्या बाजूने बोलत नाहीत. ‘‘गुरुजी, आमची बोली आम्ही घरी शिकवतो. तुम्ही इंग्रजी शिकवा,’’ असे मला अनेकांनी तोंडावर सांगितले आहे. त्यांचे चुकत नाही. गोरबोलीची शाळा म्हणजे गरिबांची वेगळी, दुय्यम शाळा, अशी त्यांना भीती वाटते. त्या भीतीला उत्तर म्हणून मी एवढेच सांगतो की वेगळी शाळा नकोच. त्याच शाळेत, पहिली-दुसरीला, ‘दी’ म्हणजे दोन हे ज्याला कळते असा एक माणूस हवा. तांड्यावर शिकलेल्या मुली आता पुष्कळ आहेत. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती नेमताना त्या तांड्याची बोली येते का हे पाहावे, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर औषधाच्या वेळांचा एक तक्ता गोरबोलीत लावावा. याला ना घटनादुरुस्ती लागते ना मोठा खर्च.

मात्र कोणत्या गावात अशी किती माणसे आहेत, हे जिल्हा परिषदेला कळायचे तर आकडा लागतो, आणि तो जनगणनेतूनच येतो. हिंदीखाली दाखवले तरी लमाणी, बंजारी यांचे आकडे जिल्हावार, तालुकावार वेगळे छापले जातात. ते आकडे खरे यायला हवेत. जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या जनगणनेसाठी आपल्या भागात १ मार्च २०२७ ही संदर्भाची तारीख ठरवली. २०११ च्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती, आणि प्रगणकाने ती सांगितली तशीच लिहायची असते. ही अमक्या भाषेची बोली आहे असे त्याने ठरवायचे नसते. पुढे येत असलेल्या आणखी दोन भाषांनाही जागा होती. तेव्हा गोरबोली लिहिली म्हणून मराठी जात नाही, ती पुढच्या रकान्यात येते. हे लोकांना माहीत नसते. मास्तर विचारतात, ‘मराठीच ना?’, आणि समोरचा माणूस संकोचाने ‘हो’ म्हणतो. नावाचाही घोळ आहे. एका तांड्याने लमाणी सांगायचे, दुसऱ्याने बंजारी, तिसऱ्याने गोरमाटी, म्हणजे एकाच भाषेचे तीन तुकडे. कोणते नाव घ्यायचे हे समाजाच्या जाणत्या मंडळींनी आपसात ठरवावे, ते बाहेरच्याने सांगू नये.

आणि महिना पाहा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली होती. १ मार्च ही तारीख धरली तर या वेळीही मोजणी फेब्रुवारीतच येते. फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्यातले कितीतरी तांडे निम्मे रिकामे असतात. माणसे दिवाळीनंतरच कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. मोजणीचा सगळा काळ जो घराबाहेर असतो त्याची नोंद तो असेल तिथेच होते, असा २०११ चा नियम होता. तिथल्या प्रगणकाला गोरबोली हे नाव ऐकूनही ठाऊक नसणार. फडावर दिवस उगवायच्या आधीच माणसे निघून गेलेली असतात, कोपीवर एखादी म्हातारी आणि लहान पोरे. मग यादी सांगतो मुकादम. वीस कोयत्यांची नावे, वये आणि भाषा तो एका दमात सांगून मोकळा होतो. म्हणून तांड्यातून टोळ्या उचल घेतात तेव्हाच, गाड्या हलायच्या आधी, मुकादमाला बसवून हे सांगून ठेवायला हवे, आणि तांड्यावर मागे राहणाऱ्या शिकलेल्या मुलींकडे ज्या त्या फडाचा पत्ता आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवायला हवा.